अक्षरांवाचून पोस्टर : फैजपूर ते हरिपुरा

१/
पोस्टर म्हणजे मोठ्याने बोलणारा कागद. नाटकाचे नाव, सभेची वेळ, पुढाऱ्याचा आदेश, औषधाची ग्वाही. चित्र असलेच तर ते अक्षरांच्या दिमतीला. फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीच्या काठी, सुरत जिल्ह्यातील हरिपुरा या गावी, सुमारे चारशे पोस्टरे लागली. त्यांवर घोषणा नव्हती, तारीख नव्हती, पुढाऱ्याची छबी नव्हती. एक ढोल वाजवणारा होता, एक सुतार होता, कांडप करणाऱ्या बाया होत्या, मस्तवाल बैल होते. हे करा, ते करू नका, असे त्यांपैकी कोणीही सांगत नव्हते.

२/
ही पोस्टरे नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांची. आधुनिक भारतीय कलेच्या कोणत्याही इतिहासात हरिपुऱ्याचे पान असते. त्याच्या आधीचे पान मात्र बहुधा कोरे सोडलेले असते, आणि ते पान खानदेशातले आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये ते लिहिले गेले. हा धागा त्या पानाविषयी.

३/
आधी त्या काळचे पोस्टर कसे असे, ते पाहू. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपासून सुरुवात करावी लागते. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बोलपटांपूर्वीच्या चित्रपटांसाठी त्यांनी स्वतः मोठी रंगीत पोस्टरे केली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर आजही अभ्यासकांच्या चर्चेत असते. नाट्यमय प्रकाश, भरदार देह, ठसठशीत नाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे, नाव वाचायला लावायचे आणि तिकिटाच्या खिडकीकडे वळवायचे, हे त्या कागदाचे काम. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त हे काम वाचता येणाऱ्या शहराचे होते.

४/
आणि वाचता येणारे किती होते? १९३१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षर शंभरांत दहादेखील भरत नाहीत. खेड्यात, त्यातही स्त्रियांत, हा आकडा किती खाली गेला असेल याची कल्पना करा. स्वातंत्र्याचे राजकारण मात्र त्या काळी प्रामुख्याने छापील शब्दावर चालत होते : ठराव, वृत्तपत्रे, पत्रके, फलक. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याशी बोलायचे कोणत्या लिपीत, हा प्रश्न १९३६ मध्ये एकदम ऐरणीवर आला. कारण त्या वर्षी काँग्रेसने आपले अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरवले.

५/
खानदेशाला अक्षराचे अगत्य मुळात कमी नव्हते, म्हणून थोडे आडवळण घेतो. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. नानासाहेब देवांनी, म्हणजे शंकर श्रीकृष्ण देवांनी, मठामठांतून बाडे गोळा करून तो उभा केला. (पुढे शंकरराव देव हे नाव येईल, ते काँग्रेसचे पुढारी, हे वेगळे. नावसाधर्म्यामुळे अनेकांची गल्लत होते.) दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास 'लेखनक्रियानिरूपण' आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर कसे असावे, ओळी सरळ कशा याव्यात, वेलांट्या-मात्रा कशा जुळाव्यात, समास किती सोडावा, हे सारे त्यात सांगितलेले आहे. आजच्या सुलेखनवर्गाच्या पहिल्या दिवशी तो समास हातात दिला तरी चालेल.

६/
आणखी एक धुळेच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, एकूण अठरा. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' या पुस्तकाची पहिली प्रत म्हणजे एका कैद्याने दुसऱ्या कैद्याचे बोलणे हाताने टिपलेले कागद. त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढत. तेही हस्तलिखितच. रोजचे वर्तमानपत्र, रोज हाताने लिहिलेले.

७/
हेच गुरुजी चार वर्षांनी फैजपूरच्या अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले. पोलीस खात्यातील नोकरी सोडून आलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी त्या साऱ्या उठाठेवीचा कणा होते आणि वरून शंकरराव देवांसारख्या पुढाऱ्यांचा पाठिंबा होता. पण कागदावर अधिवेशन मंजूर होणे निराळे, आणि रेल्वेपासून दूर, पाण्यापासून दिव्यापर्यंत सगळे नव्याने करावे लागणाऱ्या गावी हजारो माणसांचे नगर वसवणे निराळे. तोवरच्या अधिवेशनांना शहरे मिळत, शहरातले मंडपवाले मिळत. इथे त्यांपैकी काही नव्हते.

८/
गांधीजींना ते नकोच होते. खेड्यात जाऊन शहराची नक्कल करायची असेल तर खेड्यात जायचे कशाला, असा त्यांचा विचार. म्हणून त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलालांना बोलावले. त्याच वर्षी वसंत ऋतूत लखनौच्या अधिवेशनात नंदलालांनी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडले होते, त्यामुळे माणूस पारखलेला होता. नंदलाल मात्र बिचकले. आपण चित्रकार, नगररचना हे वास्तुविशारदाचे काम, असे त्यांनी कळवले. त्यावर गांधीजींचे उत्तर सांगितले जाते ते असे, की आपल्याला निष्णात पियानोवादक नको आहे, मनापासून सारंगी छेडणारा हवा आहे. मूळ शब्दात सारंगी नव्हे, फिडल आहे. खानदेशात सारंगीच शोभते.

९/
नंदलाल कोण होते? जन्म १८८२, बिहारमधील मुंगेर भागातल्या खरगपूरचा. अवनींद्रनाथ ठाकुरांचे पट्टशिष्य, शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख. १९३० च्या दांडीयात्रेनंतर काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचे जे काळ्या-पांढऱ्या रंगातील लिनोकट सर्वांच्या डोळ्यांत भरले, ते त्यांचे. त्याच वर्षी रवींद्रनाथांचे 'सहज पाठ' हे बंगाली बालपाठ्यपुस्तक निघाले, त्यातली लिनोकट चित्रेही नंदलालांचीच. एकाच वर्षात राष्ट्राचा सर्वांत गंभीर चेहरा आणि मुलांच्या पहिल्या अक्षरांशेजारची खेळकर चित्रे, दोन्ही एकाच हातातून, एकाच तंत्रात. या माणसाचा स्वभाव समजून घ्यायला एवढी जोडी पुरेशी आहे.

१०/
फैजपूरच्या नगराला नाव दिले टिळकनगर. म्हात्रे नावाच्या वास्तुविशारदांच्या जोडीने नंदलालांनी ते उभे केले, आणि त्यासाठी जवळपास मिळणाऱ्या वस्तूंवरच भिस्त ठेवली : बांबू, गवत, माती, दोर. प्रवेशद्वारे, प्रदर्शनाच्या झोपड्या, राहुट्यांची मांडणी, सगळ्यात हाच नेम. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक मोटारीतून नव्हे, तर बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली आणि तो रथही सजवलेला होता तो गावच्या ढंगाने. ज्या बैलगाडीला नवशिक्षित माणूस मागासपणाची खूण मानत होता, तिलाच राष्ट्राध्यक्षाचे वाहन करून टाकले. यात राजकारण होते आणि थोडा खट्याळपणाही होता.

११/
२५ डिसेंबरला प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या मांडणीचे श्रेय नाव घेऊन म्हात्रे आणि नंदलाल या दोघांना दिले. आपल्याला कलेची जाण आहे, पण ती साकार करणारे हात देवाने दिलेले नाहीत. नंदलालांना दोन्ही दिले आहे, अशा आशयाचे ते बोलले. राजकीय सभेत मंडपाच्या कलाकाराचे इतके सविस्तर ऋण मान्य केले गेल्याची उदाहरणे त्या काळात फारशी नाहीत. आजही नाहीत, आजच्या सभेचा मंडप कोणी उभारला हे आपण विचारतो का?

१२/
अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबरला झाले. नंतर टिळकनगर मोडले. बांबू सुटले, गवत गेले, माती मातीत मिसळली. ते तसेच व्हायचे होते, म्हणून त्यात खेद कसला? पण इतिहासलेखनाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा झाला. चौदा महिन्यांनंतरची हरिपुऱ्याची पोस्टरे कागदावर होती, म्हणून ती संग्रहालयात गेली, पुस्तकांत छापली गेली, परीक्षेच्या अभ्यासक्रमात आली. फैजपूरची कला बांबूची होती, म्हणून ती तळटिपेत गेली. टिकाऊ वस्तूलाच महत्त्वाची वस्तू समजण्याची इतिहासकारांची खोड जुनी आहे.

१३/
आता नकाशा उघडा. तापी पूर्व खानदेशातून, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातून, पश्चिम खानदेशात उतरते. शिरपूर, शहादा मागे टाकते आणि गुजरातेत शिरते. पुढे कडोदजवळ, बारडोलीच्या परिसरात, तिच्या काठी हरिपुरा. सुरत-भुसावळ लोहमार्गही याच दिशेने, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, बारडोली असा जातो. खेड्यातले पहिले अधिवेशन आणि दुसरे अधिवेशन, दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यात झाली. मधले अंतर जेमतेम चौदा महिन्यांचे.

१४/
हरिपुऱ्यासाठी गांधीजींनी पुन्हा नंदलालांनाच बोलावले. या वेळी अपेक्षा थोडी पुढची होती. फैजपुरात नगरच कलाकृती झाले होते. इथे चित्र हवे होते, आणि ते प्रदर्शनाच्या दालनात बंद नको होते. तिकीट काढून आत न येणाऱ्या, वाटेने चालत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेला ते सहज पडावे. नंदलालांनी आधी त्या मुलखात फिरून माणसांची, जनावरांची, कामधंद्यांची रेखाटने केली. मग कामाला सुरुवात झाली. चारशेच्या आसपास पोस्टरांपैकी ऐंशीहून अधिक त्यांच्या स्वतःच्या हातची. बाकीची त्यांच्या नमुन्यांवरून विद्यार्थी-सहकाऱ्यांनी केलेली.

१५/
ती केली कशी, हे पाहण्यासारखे आहे. कागद साधा, पुठ्ठ्यावर ताणलेला. आकार उंची-रुंदीला सुमारे दोन फूट, म्हणजे जवळजवळ चौकोनी. रंग बहुतेक मातीचे : गेरू, पिवळी माती, खडू, काजळ, थोडा हिरवा, थोडा निळा. चकाकी नाही, छायाप्रकाशाचा खेळ नाही, खोलीचा आभास नाही. सपाट रंगाचा एक पट्टा आणि त्यावर एका दमात ओढलेली जाड-बारीक रेघ. अनेक पोस्टरांत वरच्या बाजूला कमान काढलेली आहे, त्यामुळे आतला माणूस कोनाड्यातल्या देवासारखा दिसतो. कोनाड्यात मात्र देव नसतो. तिथे शिंपी बसलेला असतो, किंवा सुतार.

१६/
खेळकरपणा कोठे आहे? विनोदात नाही, आकारात आहे. ढोल वाजवणाऱ्याचे पोस्टर घ्या. ढोलाचा गोल आणि वादकाच्या पाठीची कमान एकमेकांना उत्तर देतात. शरीर जणू वाद्याच्या तालावर वाकवलेले असते आणि रेघ संपता संपता एक झटका देते, जसा टिपरू पडताना पडतो. बैलाच्या चित्रात वशिंड, शिंगे, शेपूट या तिन्हींची रेघ वेगवेगळ्या वेगाने धावते. शरीरशास्त्राच्या परीक्षेत हे बैल नापास होतील. पण पोळ्याच्या दिवशी बैल उधळताना ज्याने पाहिला आहे, तो हा बैल लगेच ओळखेल.

१७/
ही रीत नंदलालांनी शून्यातून काढलेली नाही. कालीघाटच्या बाजारात पटुआ झपाट्याने चित्रे काढून दोन-चार पैशांना विकत. त्यांची ठसठशीत बाह्यरेघ इथे आहे. दारापुढची अल्पना, मातीची खेळणी, मंदिरांच्या विटांवरची शिल्पे यांचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. म्हणजे शहरी कलाशाळेत 'कारागिरी' म्हणून बाजूला काढलेले सगळे त्यांनी पुन्हा आत घेतले. खेड्यासाठी चित्र काढायचे तर खेड्याकडून शिकून काढायचे, ही त्यातली मेख आहे. फैजपूरच्या बांबूतही हेच तत्त्व होते.

१८/
आणि आता अक्षरांचा मुद्दा, ज्यासाठी मघाचे आडवळण घेतले. १९२४ मध्ये नंदलाल रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला गेले होते. तिथे चित्र आणि अक्षर एकाच कुंचल्याने, एकाच शाईने, एकाच श्वासात होते. अक्षर वळणदार येत नाही त्याची बांबूची फांदीही चांगली येत नाही, असे मानणारी ती परंपरा. आपल्याकडे बोरूने बाळबोध लिहिणाऱ्याला हे नवीन नाही. बोरूचा कोन बदलला की रेघ जाड-बारीक होते आणि सगळे सौंदर्य त्यातच असते. हरिपुऱ्याची रेघ अशीच, लिहिलेली आहे. रंगवून पूर्ण केलेली नाही. म्हणून या पोस्टरांवर अक्षर नसले तरी हस्ताक्षर आहे. ज्याला लिपी येत नाही त्यालाही ते वाचता येते, एवढाच फरक.

१९/
रवींद्रनाथांचा उल्लेख आला म्हणून एक गमतीची गोष्ट. कविता लिहिताना जे शब्द खोडायचे, त्या खोडलेल्या जागा ते एकमेकींना रेघांनी जोडत आणि त्यांतून पक्षी, विचित्र श्वापदे, मुखवटे तयार होत. हस्तलिखिताचे पान अर्धे कविता, अर्धे प्राणिसंग्रहालय. त्यांची चित्रकला तिथूनच सुरू झाली. शांतिनिकेतनात अक्षर आणि आकृती यांच्यामधली भिंत किती पातळ होती, हे यावरून ध्यानात येईल.

२०/
हरिपुऱ्याचा थाट मोठा होता. अधिवेशन एक्कावन्नावे, म्हणून अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या रथाला एक्कावन्न बैल आणि नगराला एक्कावन्न दरवाजे. नगराचे नाव विठ्ठलनगर, विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ. गुजरातचे रविशंकर रावळ, कनु देसाई यांसारखे चित्रकारही सजावटीत होते. पोस्टरे दरवाजांवर, वाटांवर, राहुट्यांवर लावलेली. इथे एक छोटा दुवा सांगायलाच हवा. हे कनु देसाई नंतर चित्रपटांचे कलादिग्दर्शक झाले आणि व्ही. शांतारामांचा 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) त्यांनी सजवला. शांताराम कोणाच्या हाताखाली तयार झाले? बाबूराव पेंटरांच्या. पोस्टरांच्या दोन वेगळ्या वाटा अशा एका चित्रपटगृहात येऊन भेटल्या.

२१/
इथवर सगळे गोड झाले. आता कडू भाग, कारण तो टाळला तर हा इतिहास न राहता आरती होईल. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर शेतमालाचे भाव कोसळले होते आणि कापसावर जगणारा खानदेश त्यात भरडला गेला होता. फैजपूरच्याच अधिवेशनात सारा, खंड आणि कर्जबाजारीपणा यांविषयीचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून सुमारे दोनशे मैल पायी चालत फैजपूरला आला होता. त्यांच्या पायांचे फोड हरिपुऱ्याच्या पोस्टरांत कोठे आहेत? सावकार कोठे आहे? दुष्काळ कोठे आहे? नंदलालांच्या खेड्यात सगळे कामात मग्न आणि समाधानी दिसतात.

२२/
दुसरा प्रश्न याहून टोकदार. सुतार, कुंभार, शिंपी ही नावे धंद्यांची आहेत, तशीच ती जातींचीही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला, म्हणजे खानदेशच्या उंबरठ्यावर, धर्मांतराची घोषणा केली होती. 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे त्यांचे भाषण मे १९३६ मध्ये छापले गेले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा मुद्दा तेव्हा ताजा होता. अशा वेळी प्रत्येक कारागिराला कमानीखाली बसवून त्याच्या कामाचा गौरव करणे म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढवणे, की त्याला त्याच कोनाड्यात कायम बसवणे?

२३/
माझे मत सांगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. राजकीय मेळ्यात नेत्याच्या जागी ढोल वाजवणाऱ्याला बसवणे हे १९३८ मध्ये धाडस होते; आपल्या चौकाचौकांतले फलक पाहिले तर ते आजही धाडसच ठरेल. पण गौरव ही एक गोष्ट आणि न्याय ही दुसरी. ही पोस्टरे पहिली देतात, दुसरीविषयी गप्प राहतात. पाच वर्षांनी बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद या तरुण चित्रकाराने मिदनापूरची उपासमार शाईने रेखाटली, तेव्हा ती शांतता मोडली. त्यांचे 'हंग्री बंगाल' सरकारने जप्त करून जाळले. नंतरची कित्येक वर्षे ते मुंबईत अंधेरीला राहिले. सरकारला हरिपुऱ्याचा बैल जाळावासा वाटला नाही, यातून काय समजायचे ते समजावे.

२४/
पुढे काय झाले? नंदलालांच्या हाताखाली राज्यघटनेची मूळ प्रत सजली. इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे, हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांचे. छापखाने हाताशी असताना प्रजासत्ताकाने आपली पहिली प्रत हाताने लिहवून घेतली. नंदलालांचे एक शिष्य कोल्हापूरचे विनायक मासोजी. त्यांनी कलाभवनात अध्यापनही केले. मराठी कलेच्या इतिहासात त्यांचे नाव याहून अधिक वेळा यायला हवे.

२५/
कलाभवनात १९४० ते १९४२ या काळात सत्यजित राय शिकत होते. नंदलाल आणि विनोदबिहारी मुखर्जी त्यांचे गुरू. पुढे रायांनी स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः केली, नावाची अक्षरेही स्वतःच्या हाताने. 'देवी' (१९६०) च्या अक्षरांना देवीच्या मुकुटाची आठवण करून देणारा घाट आहे. म्हणजे गुरूंनी पोस्टरातून अक्षर काढून टाकले आणि शिष्याने अक्षरालाच चित्र करून ते परत आणले. ही परंपरा सरळ दाखवता येते.

२६/
मराठीत याच्याशी मिळतेजुळते काम कमल शेडगे यांनी केले. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी नाव असे काही लिहिले की नाटकाचा स्वभाव अक्षरातच उतरे. र. कृ. जोशींनी देवनागरीला प्रयोगशाळेत नेले आणि नंतर संगणकावर आणले. 'मंगल' हा फाँट त्यांचाच. पण यांचा आणि नंदलालांचा संबंध ओढूनताणून जोडू नये. शेडगे वृत्तपत्राच्या आणि रंगभूमीच्या शाळेतले. सारखेपणा दिसला की वंशावळ काढायची, हा मोह इतिहासप्रेमींना फार होतो.

२७/
१९७६ मध्ये नंदलालांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झाल्या. त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. हरिपुऱ्याच्या पोस्टरांचा मोठा संच दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताच्या दालनात ती लागली. वाटेवरच्या शेतकऱ्यासाठी काढलेले चित्र काचेआड, मंद प्रकाशात, तिकीट काढून पाहावे लागते. जतनासाठी ते आवश्यक आहे, हे मान्य. तरी गंमत वाटतेच.

२८/
फैजपुरात धनाजी नानांच्या नावाचे महाविद्यालय आहे, अधिवेशनाची आठवण गावाला आहे. टिळकनगराची रचना मात्र आता फक्त छायाचित्रांतून आणि जुन्या वृत्तपत्रांतून जुळवावी लागते. कमानी कशा बांधल्या होत्या, ताट्या कशा विणल्या होत्या, रथावर काय काढले होते, यांचे तपशील अजून मोठ्या प्रमाणात घराघरांतील ट्रंकांत असू शकतात. जळगाव-धुळ्याकडच्या वाचकांपैकी कोणाच्या आजोबा-पणजोबांनी तिथे स्वयंसेवक म्हणून काम केले असेल, त्यांच्या वहीत, पत्रात, समूहचित्राच्या मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल, तर ते स्कॅन करून ठेवा. फोटोत पुढारी कोण आहे ते पाहाच. पण त्याच्या मागे उभा असलेला बांबूही नीट पाहा.